खिळ्यावरची दुसरी नळी

मानसिंग तात्या भित्रे आहेत, हे कन्हेरीत कुणी कुणाला सांगायची गरज पडत नाही. स्कूटरवर ते तीसच्या पुढं जात नाहीत. उसाची बैलगाडी त्यांना मागं टाकून गेली असं गावात सांगतात आणि तात्या ते नाकारतही नाहीत. "गाडी रिकामी व्हती," एवढंच म्हणतात. गॅस बंद केलाय का, हे बघायला ते एकदा एसटीतून उतरून चालत घरी आले होते. बायको छबूबाई म्हणते, "ह्यांच्या जन्माच्या येळी सुईणच किंचाळली आसंल. तवापासनं दचकायची सवय लागलीया."

असा माणूस घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ मशीन कसं चालवतो, असं कुणालाही वाटेल. पण भित्रा आहे म्हणूनच तो ते नीट चालवतो. फिरत्या लोखंडाजवळ बेफिकीर राहिलं की काय होतं, ते तात्यांनी डोळ्यांनी बघितलंय. मशीनवर उभं राहताना अंगात फक्त बनियन, मनगटावर घड्याळ नाही, गळ्यात माळ नाही, आणि प्रत्येक माप तीनदा घ्यायचं. साठी उलटून गेली तरी दहाच्या दहा बोटं शाबूत असलेला लेथवाला शोधायला गेलात तर बरंच हिंडावं लागेल.

गेल्या तीन-चार वर्षांत त्यांच्याकडं एक नवंच काम येऊ लागलं होतं. बारामतीत लांबच्या प्रवासाच्या मोठ्या मोटारसायकली वाढल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना तारांची चाकं असतात. दिसायला झकास, पण आत ट्यूब. पंक्चर झालं की बसा रस्त्यात. मग लोक दुसऱ्याच कुठल्या मॉडेलची अलॉयची ट्यूबलेस चाकं हुडकून आणतात आणि आपल्या गाडीला बसवायला बघतात. एकाचं चाक दुसऱ्याला असं सुखासुखी बसत नाही. कुठं ॲक्सल म्हणजे चाकाचा दांडा बारीक पडतो, कुठं चाक एका अंगाला सरकतं. बारामतीचा गॅरेजवाला इंद्रजित ह्या उद्योगात पटाईत होता, आणि त्याचं घोडं अडलं की तो तात्यांकडं यायचा. तात्या लेथवर लागेल तो तुकडा काढून द्यायचे.

ह्या कामाचा सगळा जीव मधल्या नळीत असतो. चाकाच्या मधोमध जो गड्डा असतो, त्याला हब म्हणतात. हबच्या दोन्ही तोंडांना एकेक बेअरिंग बसतं आणि त्या दोघांच्या मध्ये असते एक लोखंडी नळी. नळी मापाची असली, की ॲक्सलचा नट कितीही आवळा, चाक मोकळं फिरतं. तीच नळी दीड मिलिमीटरनं आखूड झाली, तर नट आवळल्यावर दोन्ही बेअरिंगं आत दाबली जातात, तापतात, आणि धावता धावता कधीतरी फुटतात. ते पुढचं चाक असलं तर जागच्या जागी अडकतं. त्यानंतर गाडीवरच्या माणसाचं काय होतं, ते तात्या कधी तोंडानं बोलत नाहीत.

म्हणून त्यांच्या दोन रीती होत्या. मशीनवर एकाच मापानं दोन नळ्या काढायच्या. एक गिऱ्हाइकाला द्यायची आणि दुसरी नावाची चिठ्ठी बांधून शेडमधल्या खिळ्यावर अडकवायची. आपण काय दिलं, ते आपल्यापाशी असावं. आणि गिऱ्हाइकाला बजावायचं, की पहिल्या दिवशी दर थांब्याला उतरून हबला हात लावून बघा. "कोमट लागलं तर चालतंय. चटका बसला, तर गाडी तितंच उभी करायची. मग लगीन आसू द्या न्हायतर मयत." लोक हसायचे. इंद्रजित तर पाठीमागं त्यांची नक्कल करून दाखवायचा.

छबूबाई काहीही म्हणो, ही भीती जन्माची नव्हती. सत्तावीस वर्षांपूर्वी तात्या इंदापूरजवळच्या एका छोट्या वर्कशॉपात कामाला होते. शेजारच्या मशीनवर भिकोबा असायचा. दोघांचा डबा एक, तंबाखूची पुडी एक. त्या वर्षी फोरमननं खंडेनवमीलाही काम चालू ठेवलं, पूजेची हत्यारं उचलायला लावली. सकाळी आठला पाळी सुरू झाली आणि भिकोबाच्या मशीनच्या पट्ट्यावरची जाळी वाजताना मानसिंगनं ऐकली. खट्ट, खट्ट. बोल्ट ढिला होता. सांगावं तर मशीन बंद पडणार, आणि आदल्याच दिवशी फोरमननं त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. बाराच्या सुट्टीत सांगू, असं म्हणून तो गप्प बसला. सुट्टीला पाच मिनिटं होती तेव्हा जाळी निसटली आणि भिकोबाचा उजवा हात पट्ट्यात गेला. अंगठा तेवढा राहिला.

आपण आवाज ऐकला होता, हे मानसिंगनं कुणालाच सांगितलं नाही. छबूबाईलाही नाही, भिकोबाला तर नाहीच. भिकोबा अजून इंदापुरातच असतो. दर दसऱ्याला त्याच्याकडं सोनं द्यायला जायचं, असं तात्या ठरवतात आणि जात नाहीत. आपट्याची पानं समोरच्याच्या उजव्या हातात द्यायची असतात ना.

यंदाच्या अष्टमीला दुपारी इंद्रजित आला तो चाक घेऊनच. बरोबर गाडीची मालकीण होती, तिचं नाव पूर्वी. बारामतीत कॉलेजवर भूगोल शिकवते. दसऱ्याला सकाळी ती आणि तिचा नवरा पुष्कर इंदापूरवरून हंपीला निघणार होते. गाडी ती चालवणार आणि नवरा मागं बसणार, ह्याचं इंद्रजितला फार हसू येत होतं. दुसऱ्या मॉडेलचं अलॉयचं पुढचं चाक तिनं मिळवलं होतं, पण त्यात मधली नळीच नव्हती.

"काढतो की," म्हणत तात्यांनी व्हर्नियरसाठी फळीवर हात फिरवला. मापाचं त्यांचं सगळ्यात बारीक हत्यार ते. फळी रिकामी होती.

छबूबाईनं सकाळीच हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती. व्हर्नियर, पट्टी, पाने, कानशी, सगळं ओळीनं. लेथची पूजा नवमीला व्हायची होती, म्हणून मशीन मोकळं होतं. पण बारीक हत्यारांना हळदकुंकू लागलं होतं, झेंडूची फुलं वाहिली होती. आणि एकदा पाटावर गेलेलं हत्यार दसऱ्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या घरात उचलत नाहीत. व्हर्नियर चार हातांवर दिसत होता. पण पूजेतलं हत्यार उचललं त्या दिवशी काय झालं, ते तात्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"दसरा झाल्यावर न्या," ते म्हणाले.

"आवं तात्या, ताई दसऱ्यालाच निघत्यात. नळी तर काढायची, काय इमान बनवायचंय का?" इंद्रजित म्हणाला. "आन् तुमच्या हाताला माप हाय की."

स्तुतीनं माणूस फसतो, तसे तात्याही फसले. त्यांनी खराट्याची एक हीर घेतली, हबमध्ये उभी धरली, नखानं खूण केली आणि तिथंच मोडली. त्या हिरेच्या मापानं दोन नळ्या काढल्या. चष्मा वरखाली करत डोळ्यांनी ताडून बघितल्या. बरोबर वाटल्या. एक हबमध्ये घातली, बेअरिंगं ठोकली, सळईवर धरून चाक फिरवलं. भिरभिरलं. नट आवळलेला नसला की कुठलंही चाक भिरभिरतं, हे तात्यांना कुणी सांगायला नको होतं.

पूर्वीला त्यांनी हात लावून बघायचं सांगितलं. ती हसली नाही. "नक्की कुठं?" म्हणून विचारलं, खाली वाकली आणि हबवर तळवा ठेवून बघितला.

इंद्रजितनं चाक उचललं तेव्हा आतून एक बारीक आवाज आला. खट्ट. नळी आत किंचित हलल्यासारखी.

"थांब जरा," तात्या म्हणाले.

"आता आनि काय?" इंद्रजित चाक घेऊन दारापर्यंत पोचलासुद्धा होता.

तात्यांनी पाटाकडं बघितलं, इंद्रजितच्या कपाळावरच्या आठ्यांकडं बघितलं. तोंडातून निघालं ते, "काय न्हाय. जा."

दसऱ्याला सकाळी आठच्या सुमारास नैवेद्य झाला. तात्यांनी पाटावरून पहिल्यांदा व्हर्नियर उचलला, फडक्यानं पुसला, तोंड बंद करून शून्य तपासलं. मग खिळ्यावरची पूर्वीताईच्या नावाची नळी काढली. हीरही त्यांनी तिलाच बांधून ठेवली होती.

हीर भरली बासष्ट. नळी भरली साडेसाठ.

त्यांनी परत मापलं. परत मापलं. तिसऱ्यांदा नळी हातातून निसटली आणि गडगडत पाटाखाली गेली. तात्या पालथे पडून ती शोधायला लागले तेव्हा छबूबाई धावत आली. तिला वाटलं, चक्कर आली.

त्यांनी इंद्रजितला फोन लावला. "ताई निघाल्या का?"

"आत्ताच, पावणेआठला. का?"

"चाक बसवल्यावर कसं फिरत व्हतं?"

"जरा घट्ट व्हतं. ब्रेक घासत आसंल म्हनून सोडलं. सणासुदीचं आता काय भलतंसलतं बोलू नगा, तात्या."

घट्ट. नळी आखूड पडल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा इंद्रजितचाही आवाज बदलला. ताईंचं जुनं चाक घेऊन मागोमाग निघतो, म्हणाला. त्यानं दिलेल्या नंबरवर तात्यांनी चारदा फोन केला. घंटी वाजत राहिली. हेल्मेट घालून गाडी चालवणारं माणूस फोन कसा उचलणार? त्यांनी नळी आणि हीर खिशात घातली आणि स्कूटर काढली. छबूबाई "आवं, काय झालं ते तरी सांगा" म्हणत फाटकापर्यंत आली, तोवर ते वळणावर दिसेनासे झाले होते. नंतर ती शेजारणीला म्हणाली, की आपल्या नवऱ्याची स्कूटर एवढी पळते हे तिला त्या दिवशी कळलं.

इंदापूर रस्त्याला तात्यांनी काटा साठवर नेला. स्कूटर कापत होती आणि तेही. रस्ता सणाचा होता. ट्रॅक्टरांना झेंडूच्या माळा, कडेला आपट्याच्या पानांचे ढीग, नवे कपडे घातलेली माणसं. तात्यांना ह्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती ती एक मोठी गाडी, तिचं अडकलेलं पुढचं चाक, आणि तिच्यावरून पुढं फेकली गेलेली दोन माणसं. समोरून येणारं कुणी घाईत दिसलं तरी ते बातमीच घेऊन येतंय असं वाटायचं. लासुर्ण्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला घोळका दिसला. माणसं खाली वाकून काहीतरी बघत होती. तात्यांनी ब्रेक दाबला, पण मान वर करून बघायची हिंमत होईना. डोळे मिटून त्यांनी तसंच विचारलं, "कोन हाय?"

"कोन म्हंजे? नवा ट्रॅक्टर हाय, पूजा चाललीया. नारळ घ्या की आजोबा," कुणीतरी म्हणालं.

तिथून निघाल्यावर त्यांच्या मनात जे आलं, ते सांगायलाच हवं, कारण भित्र्या माणसाचं मन असंच असतं. वाटलं, माघारी फिरावं. इंद्रजितला काय, ऐन वेळी म्हणता येईल की मोजण्यात घोटाळा झाला, नळी बरोबरच होती. दुसऱ्या मॉडेलचं चाक लावलं की लोक त्या चाकालाच नाव ठेवतात, रस्त्याला ठेवतात, बाईमाणसानं एवढी गाडी चालवावीच कशाला असंही म्हणतात. तात्यांचं नाव कुणी घेणार नाही. पुरावा एकच, आणि तो त्यांच्याच खिशात मांडीला टोचत होता. कालव्याच्या पुलावरून टाकला, तर बुडबुडादेखील येणार नाही. कालवा आलाही. तात्यांचा हात खिशाकडं गेला. मग त्यांनी तो हँडलवर असा घट्ट ठेवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असून पळून जाईल.

अंथुर्ण्याला एका चहाच्या टपरीसमोर ती गाडी उभी दिसली. उभी. दोन्ही माणसं दोन पायांवर. तात्यांना रडूच आलं.

पूर्वी चाकाजवळ बसली होती. पुष्कर आणि टपरीपुढचे दोघंतिघं भोवती होते. हबवर पाणी ओतलेलं दिसत होतं. "नवीन चाक हाय, तापायचंच," एक जण सांगत होता. "इंदापूरला जाईस्तोवर बसतंय जागेवर." पुष्करला ते पटलं होतं. त्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पूर्वीनं किल्लीला हात घातला.

"चालू करू नगा!" तात्या ओरडले. स्टँडवर लावायचं भान न राहिल्यानं स्कूटर त्यांच्यामागं धाडकन आडवी झाली. "ताई, किल्ली काढा. आदी किल्ली काढा."

तिनं किल्ली काढली. तात्यांनी खिशातली नळी आणि हीर काढून तिच्यासमोर धरली. "ही नळी तुमच्या चाकात हाय. दीड मिलिमीटर आखूड. मी काढली. चूक माझी हाय, इंद्रजितची न्हाय, चाकाची न्हाय."

एवढ्यावर थांबले असते तरी भागलं असतं. माणसं त्यांना चांगलंच म्हणाली असती. पण त्यांची जीभ थांबेना. "आन् मला त्या दिवशीच आवाज आला व्हता. चाक उचलताना. मी बोललो न्हाय."

पुष्करनं हेल्मेट काढलं. "आवाज आला होता, आणि तुम्ही आम्हाला जाऊ दिलंत?"

"व्हय."

"दोन माणसं बसणार होती ह्याच्यावर! तुम्हाला काही वाटलं नाही?"

पूर्वीनं उजवा तळवा वर केला. बोटांखाली चटक्याचा लाल डाग होता. "तुम्ही सांगितलं म्हणून हात लावला," ती म्हणाली. तात्यांना जरा बरं वाटतंय तोच ती पुढं म्हणाली, "मला कुठं हात लावायचा ते एवढं समजावून सांगितलंत तात्या, मग आवाजाचं का नाही सांगितलं? मी थांबले असते की."

इंद्रजित तारांचं जुनं चाक टेम्पोत घालून आला. अलॉयचं चाक उतरवून त्यानं बेअरिंग बाहेर काढलं. आतली कडा तडकली होती आणि गोळ्या निळ्या पडल्या होत्या. इंद्रजितनं ते हातात फिरवून बघितलं. त्या दिवसानंतर त्यानं तात्यांची नक्कलही कधी केली नाही. जुनं चाक बसलं. नट आवळल्यावर पूर्वीनं ते स्वतः फिरवून बघितलं, वाकून कान लावून ऐकलं. निघताना पुष्करला तिनं गाडीवर बसण्याआधी हबला हात लावायला लावला.

तात्या टपरीच्या बाकड्यावर बसले. संकट टळलं होतं. आता भीती जायला हवी होती, पण ती जाईना. ताईचं वाक्य डोक्यातून हलत नव्हतं. मी थांबले असते की. टपरीवाल्याकडं आपट्याच्या पानांची जुडी टांगलेली होती. तात्यांनी एक डहाळी मागून घेतली. इंद्रजित म्हणाला, "चला तात्या, स्कूटर टेम्पोत घालू."

"तू हो म्होरं. मला इंदापूरला जायचंय."

भिकोबाचं घर त्यांना विचारावं लागलं नाही. सत्तावीस वर्षांत ते त्या गल्लीच्या तोंडापर्यंत अनेकदा आले होते. भिकोबा ओट्यावर बसला होता, अंगात नवा सदरा, डोक्यावर केसांचं पांढरं झालेलं रान. आत नातवंडांचा दंगा चालला होता.

"कोन, मान्या?" त्यानं डोळे बारीक केले. "आरं, आज सूर्य कुठं उगावला म्हनायचा?" सवयीनं त्यानं डावा हात पुढं केला.

"उजवा दे," तात्या म्हणाले.

भिकोबानं उजवा हात दिला. तात्यांनी त्या हातावर पानं ठेवली आणि आपले दोन्ही हात खालून धरले. आपल्याला आता पळून जाता येऊ नये, म्हणूनच त्यांनी ते धरले असावेत.

"जाळी वाजत व्हती, ते मी ऐकलं व्हतं, भिकोबा. बोल्ट ढिला हाय हे मला कळलं व्हतं. फोरमनच्या भ्यानं बोललो न्हाय."

आत कुणीतरी पोरगं खिदळलं. भिकोबानं लगेच हात मागं घेतला नाही. "किती वाजता ऐकलास?" त्यानं विचारलं.

"आठला. पाळी लागल्या लागल्या."

"आन् हात गेला बाराला."

"व्हय."

"च्यार तास," भिकोबा म्हणाला. त्यानं हात काढून घेतला. पानं ओट्यावर पडली. ती त्यानं उचलली नाहीत, झटकलीही नाहीत. तात्या उभेच. शिव्या आल्या असत्या, काठी आली असती, तर बरं झालं असतं असं त्यांना वाटत होतं.

"आज सण हाय," शेवटी भिकोबा म्हणाला. "घरात पोरं हायती. त्यांच्याम्होरं मला रडायचं न्हाय. आज तू जा."

तात्या वळले.

"मान्या."

"आं?"

"उद्या ये. सकाळच्या पारी ये. मला लई बोलायचंय."

"येतो," तात्या म्हणाले. भिंत धरून ते ओट्याची पायरी उतरले.

घरी परतताना स्कूटर तीसच्या वर गेली नाही. तिसऱ्या प्रहरी ते कन्हेरीत पोचले, शेडमध्ये गेले, नळी परत खिळ्यावर अडकवली. छबूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. सकाळपासूनचा राग, धास्ती, सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"उद्या मला इंदापूरला जायचंय," तात्या म्हणाले.

"आज गेला व्हता तेवढं बास न्हाय का झालं? आन् उद्या कुनाकडं?"

तात्यांनी तांब्या घेतला, पण पाणी प्यायले नाहीत. रिकाम्या पाटावर बसले, तिलाही समोर बसायला सांगितलं आणि खंडेनवमीच्या त्या सकाळी आठ वाजता काय ऐकलं होतं, ते सांगायला लागले.